प्रार्थनेत झोप लागते, आता देवाला काय सांगू?

वाचक भगिनीचं पत्र:

"नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू झाला की मी दरवर्षी ठरवते, रोज पहाटे पाचला उठायचं, त्या दिवसाचं शास्त्रवाचन करायचं आणि अर्धा तास प्रार्थना. पहिले काही दिवस जमतं. मग पुन्हा बाबांच्या रात्री सुरू होतात. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, मध्यरात्री उठून दार उघडायला जातात. सकाळी मला कामावर जायचं असतं. पहाटे बायबल उघडलं की दोन ओळींतच डोळे मिटतात. परवा मी बाबांवर इतकी ओरडले की ते घाबरून कोपऱ्यात जाऊन बसले. त्या रात्री देवापुढे बसायचीही लाज वाटली, बसलेच नाही. फादर म्हणतात, देव आपली दुर्बलता जाणतो. पण येशू तर निष्पाप होता. जो कधी चुकलाच नाही त्याला चुकणाऱ्याचं काय कळणार? आणि दरवर्षी तेच रडगाणं घेऊन गेलं तर देवालाही कंटाळा येत असेल ना? सुटलेल्या दिवसांची वाचनं एकदम बसून भरून काढू का, तेवढंही सांगा."

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावाने नमस्कार.

तुमच्या पत्रात झोप आणि ओरडणं या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि दोन्हींना तुम्ही एकच नाव दिलंय: माझी चूक. मला आधी त्यांना वेगवेगळं बसवू द्या. झोप लागणं हे पाप नाही. रात्रभर जागलेल्या शरीराने पहाटे पाचला डोळे मिटले तर त्याबद्दल देवाची क्षमा मागायचं काही कारण नाही. बाबांवर ओरडणं ही मात्र चूक आहे, आणि तिच्याकडे मी नंतर येणार आहे. पण तुम्ही दोन्हींचा हिशोब एकाच खात्यात लिहिल्यामुळे सगळंच इतकं मोठं झालंय की देवापुढे बसवेना.

येशूलाही झोप लागत होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळ सुटलंय, लाटा तारवात शिरताहेत, आणि तो मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शिष्यांना त्याला हलवून उठवावं लागतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो प्रवासाने थकून भरदुपारी विहिरीपाशी बसलाय आणि एका परक्या बाईकडे पाणी मागतोय. मित्र लाजराच्या कबरेपाशी तो रडला. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्याला इतकी भीती वाटली की त्याने मित्रांना विनवलं, माझ्याबरोबर जागे राहा. यातली एकही गोष्ट पाप नाही, आणि प्रत्येक गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. थकवा, तहान, शोक, भीती, आणि ऐन गरजेच्या वेळी कुणीतरी सोबत असावं ही इच्छा. देवाला आपली दुर्बलता कळते असं फादर म्हणाले, ते या अर्थाने. त्याने ती लांबून पाहिलेली नाही, त्याच्या अंगावरून ती गेली आहे.

तुमचा खरा प्रश्न मात्र याच्या पुढचा आहे, आणि तो चांगला प्रश्न आहे. थकवा कळला असेल, पण पडणं कसं कळेल? चौथ्या शतकात काही विद्वान माणसं उलट्या बाजूने जवळपास याच अडचणीत सापडली होती. येशूला माणसाचं शरीर होतं, पण माणसाचं मन नव्हतं, मनाच्या जागी देवत्वच होतं, असं अपोलिनारिस नावाचा बिशप शिकवत असे. माणसाचं मन फार डळमळतं, ते देवपुत्राला कसं शोभेल, असा एकूण सूर. चर्चने ही शिकवण 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नाकारली. त्या वेळी नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं: जे त्याने स्वतःवर घेतलंच नाही, ते बरंही झालं नाही. म्हणजे आपलं भिणारं, कचरणारं, विचलित होणारं मन त्याने घेतलं नसेल तर त्या मनाला बरं करण्याचा मार्गच उरत नाही. पुढे 451 साली कॅल्सेडॉनच्या परिषदेने तेच स्पष्ट शब्दांत मांडलं. पाप सोडून सर्व बाबतींत तो आपल्यासारखा.

"पाप सोडून" याच शब्दांवर तुम्ही अडखळता. मी त्यांच्याकडे असं पाहते: राग अनावर होतो तेव्हा आपण तो शेवटपर्यंत सोसत नाही. कुठेतरी मध्येच हार मानतो, ओरडतो, आणि ओरडलं की तो ताण उतरतो. ताण उतरल्यावर पुढे आणखी किती सोसावं लागलं असतं हे आपल्याला कळतच नाही. जो हार मानत नाही त्याच्यावर मोहाचा पूर्ण भार येतो, शेवटच्या क्षणापर्यंत. इब्री लोकांस पत्राचा लेखक म्हणतो की येशूने मोठा आक्रोश करत आणि अश्रू ढाळत प्रार्थना केल्या. निष्पाप माणूस शांतपणे, सहज प्रार्थना करत असेल असं आपल्याला वाटतं. तसं ते मुळीच नव्हतं. म्हणून त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी निष्कर्ष येतो तो "सावध राहा" असा येत नाही. तो येतो: धैर्याने कृपेच्या सिंहासनाजवळ या, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी साहाय्य मिळेल. गरजेच्या वेळी, हे लक्षात घ्या. गरज संपल्यावर, आवरून सावरून नव्हे.

त्या रात्री तुम्ही प्रार्थनेला बसला नाहीत, ते मला झोपेपेक्षा जास्त खटकलं. बाबांवर ओरडल्यानंतरची ती रात्र हीच तुमच्या वर्षभरातली सर्वांत चांगली प्रार्थनेची वेळ होती. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात दोघे जण प्रार्थना करायला जातात. एक जण आपला उपवास आणि दशमांश सांगतो. दुसरा, जकातदार, दूर उभा राहतो, वर बघायलाही धजत नाही आणि एवढंच म्हणतो: हे देवा, मज पाप्यावर दया कर. येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा. लाज त्यालाही वाटत होती. फरक इतकाच की तो लाज घेऊन आत आला, आणि तुम्ही लाजेपायी बाहेर थांबलात.

आता आगमनकाळाविषयी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला शंका आहे की पहिल्या रविवारच्या वाचनाने तुम्हाला दरवर्षी धाक बसत असावा. चर्चमधल्या रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात तिन्ही वर्षी त्या रविवारी "जागृत राहा" हाच स्वर असतो. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला "जागृत राहा" ऐकून काय वाटत असेल, याचा विचार प्रवचन करणाऱ्यांनी कधीतरी करायला हवा! ज्या वर्षी मार्कचं शुभवर्तमान वाचतात त्या वर्षी वाचन असतं तेराव्या अध्यायातलं. येशू म्हणतो, घरधनी केव्हा येईल हे तुम्हाला माहीत नाही, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे. तो येईल तेव्हा तुम्ही झोपलेले सापडू नका.

तेरावा अध्याय संपला की बायबल मिटू नका, पुढे वाचा. चौदाव्या अध्यायात संध्याकाळ होते, भोजनाला सगळे बसतात, आणि येशू सांगतो की तुमच्यातलाच एक मला धरून देणार आहे. मग रात्र होते, बागेत तो तीनदा परत येतो आणि तिन्ही वेळा शिष्य झोपलेले सापडतात. शेवटी सगळे त्याला सोडून पळतात. कोंबडा आरवतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याने, मी त्याला ओळखत नाही, असं तिसऱ्यांदा सांगून त्याला नाकारलेलं असतं. पहाट होते तेव्हा येशूला बांधून रोमन सुभेदार पिलाताकडे नेतात आणि बारा शिष्यांतला एकही जवळ नसतो. म्हणजे ज्या चार प्रहरांत जागे राहा म्हणून सांगितलं, त्या चारही प्रहरांत त्याची सर्वांत जवळची माणसं कमी पडली. शुभवर्तमानकाराने हे लपवलेलं नाही. आणि मग सोळाव्या अध्यायात, रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो: जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्राचं नाव वेगळं घेतलंय. ते का घेतलंय हे कोंबड्याची गोष्ट वाचलेल्याला सांगावं लागत नाही.

बागेत झोपलेल्या पेत्राला येशूने जे म्हटलं तेही पाहा. आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे. हे वाक्य आपण सहसा रागावल्याच्या सुरात वाचतो. मला ते तसं वाटत नाही. त्यात तो आधी त्यांच्या इच्छेची दखल घेतो, मग त्यांच्या शरीराची. तुमच्या पत्रातही तेच आहे: दरवर्षी ठरवणारी तुमची इच्छा आणि दरवर्षी न झेपणारं शरीर. त्याला दोन्ही दिसतात.

कंटाळ्याचं म्हणाल तर, येशूने शिकवलेली प्रार्थनाच आठवा. रोजची भाकर आज दे, आणि लगेच पुढे, आमच्या अपराधांची क्षमा कर. भाकर रोज मागायची तशी क्षमाही मागायची, एकाच दमात. म्हणजे ही प्रार्थना शिकवतानाच त्याने गृहीत धरलं होतं की आपण पुन्हा पुन्हा चुकणार. पेत्राने विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्याला उत्तर मिळालं ते सत्तर वेळा सात असं. जो आपल्याकडून एवढी अपेक्षा करतो तो स्वतः चौथ्या-पाचव्या डिसेंबरला कंटाळेल, हे काही पटत नाही.

आणखी एक. आगमनकाळ म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची छोटी आवृत्ती नव्हे. जांभळा रंग दोन्हीकडे असतो, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, गौरवगीतही दोन्हीकडे थांबतं, म्हणून आपला गोंधळ होतो. पण उपवासकाळात "आलेलुया" म्हणणं बंद होतं आणि आगमनकाळात ते चालू राहतं. तिसऱ्या रविवारी तर गुलाबी रंग येतो आणि आनंद करा असं सांगितलं जातं. नाताळ कोणत्या वारी येतो त्याप्रमाणे हा काळ 22 ते 28 दिवसांचा असतो, आणि त्यात मुख्य काम देवाचं आहे. येणारा तो आहे. त्याची वाट पाहणं आपल्याकडे. तुम्ही मात्र पहाटे पाच आणि अर्धा तास असं ठरवून या काळाची शाळेतल्यासारखी परीक्षा करून टाकलीत, आणि मग नापास झाले म्हणून रडत बसलात.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडेच बघा. आगमनकाळाचा सगळ्यात मोठा माणूस तो. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तो तुरुंगातून निरोप पाठवतो: जो यायचा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने नदीकाठी बोट दाखवून लोकांना सांगितलं होतं की हाच तो, तोच आता विचारतोय. तुरुंगाने खचला असेल. येशू त्याच्यावर रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे योहानाला जाऊन सांगा, एवढंच म्हणतो. आणि निरोप आणणारे गेल्यावर लोकांकडे वळून सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. शंका घेतली त्याच दिवशी त्याची एवढी स्तुती झाली.

आता बाबांविषयी. इथे मी तुम्हाला सूट देणार नाही, कारण दुर्बलता समजून घेणारा देव म्हणजे काहीही चालवून घेणारा देव नव्हे. बाबा कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांची माफी मागायची. त्यांच्या लक्षात राहणार नाही, मग काय उपयोग, असं मनात येईल. स्मृतिभ्रंशात घडलेला प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगाने मनात उठलेली भीती किंवा आनंद काही वेळ मागे राहतो. कशामुळे भीती वाटतेय हे त्यांना सांगता येत नाही, वाटत मात्र असते. म्हणून जवळ बसा, हात धरा, हळू आवाजात सांगा की मी रागावले, माझं चुकलं. शब्द गेले तरी आवाज पोहोचतो. मग कन्फेशनला, म्हणजे फादरांपाशी पापकबुलीला, जावंसं वाटलं तर जा, पण आधी बाबांकडे.

आणि ओरडण्याचं मूळ तुमच्या प्रार्थनेत नाही, जागरणात आहे. माझ्या मते तुमचा या आगमनकाळाचा पहिला संकल्प असा हवा की आठवड्यातल्या काही रात्री बाबांपाशी दुसरं कुणीतरी झोपेल. भाऊ, बहीण, नवरा, मोठी मुलं, पगारी मदतनीस, जे शक्य असेल ते. मागायला संकोच वाटेल. येशूने बागेत मित्रांना मागितलं होतं, हे वर लिहिलंच आहे. बाबांच्या रात्रीच्या उठण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, कारण त्यावर काही करता येण्यासारखं असतं. तुमचं स्वतःचं मन सतत जड राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. तो रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा जीव घे. आणि झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो, पण उपदेश करायला नव्हे. भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि म्हणतो, ऊठ, खा, नाहीतर वाट तुला झेपणार नाही. देवाचा आवाज एलीयाला ऐकू येतो तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. आधी झोप आणि अन्न.

काही जण तुम्हाला सांगतील, बाबांची सेवा हीच प्रार्थना, वेगळं काही करायची गरज नाही. ते प्रेमाने सांगतात, पण मला पूर्ण पटत नाही. सेवेचं मोल आहेच. पण दिवसभर दुसऱ्यासाठी राबणाऱ्या बाईकडून तिची स्वतःची पाच मिनिटंही त्या वाक्यामुळे निसटतात. ती तुमची आहेत, ठेवा.

पाच मिनिटं, अर्धा तास नव्हे. पहाटही नको. ज्या वेळी तुम्ही खरोखर जाग्या असता ती वेळ शोधा, कामावरून परतताना असेल, दुपारी असेल. वाचन त्या दिवसाचं घ्या, पण सगळं नको, एक ओळ पुरे. आणि उरलेल्या दिवसासाठी एक जुनी प्रार्थना देते, सत्तराव्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीवरून: हे देवा, माझ्या मदतीला ये, प्रभू, लवकर धाव. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या एका वृद्ध संन्याशाची शिकवण लिहून ठेवली, तिच्यात ही ओळ दिवसभर म्हणत राहायला सांगितलंय. कोणत्या वेळी म्हणायची त्याची त्याने भलीमोठी यादीच दिली आहे. त्यात राग आवरत नाही ती वेळ आहे, रात्री झोप येत नाही ती आहे, आणि वाचायला बसल्यावर झोपेने डोकं पवित्र शास्त्राच्या पानावरच टेकतं, तीसुद्धा आहे. तुमच्याआधी सुमारे सोळाशे वर्षं! बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर देण्याआधी ही ओळ मनात एकदा म्हणा. तेवढ्या वेळात आवाज थोडा उतरतो.

कधी तेही जमणार नाही. शब्दच सुचणार नाहीत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्या दिवशी नुसतं बसा. झोप लागली तर लागू द्या. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा मठात राहून प्रार्थनेत वर्षानुवर्षं झोपत असे आणि तिने ते लिहूनही ठेवलंय. तिचं म्हणणं, आईबापांना लेकरू जागं असताना जितकं आवडतं तितकंच झोपलेलंही आवडतं. 1897 साली ती गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. आज तिला चर्चच्या आचार्यांमध्ये गणतात, झोपेसकट.

राहिला वाचनांचा प्रश्न. भरून काढू नका. सुटलेले दिवस सुटले. ज्या दिवशी हे वाचाल त्या दिवसाची तारीख काढा आणि तिथून धरा. 17 डिसेंबरला मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळ येते. पुष्कळ जण ती कंटाळवाणी म्हणून ओलांडतात. तुम्ही त्या दिवशी निदान चार नावं निवडून त्यांच्या गोष्टी शोधा: यहूदा, राहाब, दावीद, मनश्शे. फसवणूक, वेश्याव्यवसाय, व्यभिचार आणि खून, मूर्तिपूजा, सगळं त्या घराण्यात आहे, आणि मत्तयाने यातलं एकही नाव गाळलेलं नाही. वाचून झालं की मला पुन्हा लिहा, आणि बाबा कसे आहेत तेही कळवा.

तुमची,
सदर-लेखिका